चित्र नवे, वळण जुने : ‘क्रॅश टीम रेसिंग’ची वीस वर्षांनंतरची पुनर्निर्मिती

एखादा गाजलेला व्हिडिओ गेम वीस वर्षांनी नव्या यंत्रावर पुन्हा अवतरतो, तेव्हा त्यातले नेमके काय परत यायला हवे, हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा अवघड आहे. खेळातील चित्रे, संगीत आणि पात्रे लगेच ओळखू येतात, म्हणून पुनर्निर्मितीची चर्चाही बहुधा त्यांच्याभोवतीच फिरते. परंतु खेळणाऱ्याच्या बोटांना जे आठवत असते ते यांहून वेगळे असते, आणि ते डोळ्यांना दिसत नसल्यामुळे सर्वांत आधी हरवण्याचा धोकाही त्यालाच असतो. १९९९ मध्ये सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनसाठी निघालेला ‘क्रॅश टीम रेसिंग’ हा खेळ आणि २०१९ मध्ये प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन व निन्टेंडो स्विच या यंत्रांसाठी मुळापासून नव्याने रचलेली त्याची आवृत्ती ‘क्रॅश टीम रेसिंग : नायट्रो-फ्यूएल्ड’ यांची तुलना या दृष्टीने फार बोलकी आहे, कारण येथे चित्राची जवळजवळ प्रत्येक रेघ बदलली असूनही जुन्या खेळाडूचा हात पहिल्या काही वळणांतच स्थिरावतो.

कार्ट म्हणजे जमिनीलगत बसणारी, छत नसलेली, लहान चाकांची आणि साध्या इंजिनाची शर्यतीची गाडी. अशी पहिली गाडी १९५६ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स यांनी बनवली, असे मानले जाते. व्हिडिओ गेममध्ये मात्र ही गाडी खऱ्या कार्टिंगच्या प्रेमातून नव्हे, तर पडद्याच्या अडचणीतून आली. निन्टेंडोने १९९० मध्ये ‘एफ-झीरो’ हा अतिवेगवान शर्यतीचा खेळ काढला होता, पण तो एकट्यानेच खेळायचा होता. पुढचा खेळ दोघांना एकाच टीव्हीसमोर बसून खेळता यावा असे ठरले, तेव्हा पडद्याचे दोन भाग करावे लागले आणि अर्ध्या पडद्यावर, त्या काळच्या यंत्राच्या ताकदीत, लांबच लांब सरळ रस्ते व प्रचंड वेग मावेनासे झाले. आटोपशीर, वळणावळणाचा मार्ग आणि त्यावर शोभेल अशी छोटी गाडी हा त्यावरचा उपाय होता. त्यातून १९९२ मध्ये ‘सुपर मारिओ कार्ट’ जन्माला आला. त्यातला रस्ता म्हणजे वस्तुतः एकच सपाट चित्र होते, जे यंत्र फिरवून व ताणून दूरवर पसरलेल्या जमिनीसारखे दाखवत असे. त्यासाठी लागणारी आकडेमोड करणारी वेगळी चिप खेळाच्या कार्ट्रिजमध्येच बसवलेली होती. सपाट चित्रात चढ-उतार येणे शक्यच नव्हते. ते आले १९९६ च्या ‘मारिओ कार्ट ६४’ मध्ये, आणि त्याच्याबरोबर चार जणांनी एकत्र खेळण्याची सोयही आली.

या खेळप्रकाराची सूत्रे तेव्हापासून फारशी बदललेली नाहीत. आठ-दहा स्पर्धक काही फेऱ्या मारतात, वाटेतल्या पेट्या फोडून त्यांतून मिळणारी शस्त्रे एकमेकांवर टाकतात, आणि मागे पडलेल्याला अधिक प्रभावी शस्त्र देऊन खेळच शर्यतीत चुरस टिकवून ठेवतो. लहान मूल आणि सराईत खेळाडू एकाच शर्यतीत उतरू शकतात ते या समतोलामुळे. महाराष्ट्रातील घरांत नव्वदच्या दशकात ‘टीव्ही गेम’ या नावाने जी यंत्रे पोहोचली ती मुख्यतः निन्टेंडोच्या जुन्या ८-बिट यंत्राच्या नकला होत्या, त्यामुळे येथे मारिओ घरोघरी ठाऊक झाला तरी त्याची कार्ट फारशी कुणी पाहिली नाही. पहिले प्लेस्टेशन ज्या थोड्या घरांत आले, तेथे आणि पुढे संगणकावर जुने खेळ चालवू लागलेल्या मुलांना ‘क्रॅश’ भेटला.

क्रॅश हा ऑस्ट्रेलियातील बँडिकूट या लहान शिशुधान प्राण्यावर बेतलेला, केशरी रंगाचा, बडबड न करणारा नायक आहे. अँडी गॅविन आणि जेसन रुबिन यांनी स्थापन केलेल्या ‘नॉटी डॉग’ या अमेरिकी कंपनीने १९९६ पासून त्याच्यावर तीन धावपळीचे खेळ केले आणि चौथा म्हणून शर्यतीचा खेळ केला. क्रॅशवर या कंपनीने केलेला हा शेवटचा खेळ ठरला. पात्राचे हक्क युनिव्हर्सलकडे होते, आणि नॉटी डॉग २००१ मध्ये सोनीच्या मालकीची झाली. खेळाची कथा जाणीवपूर्वक बालिश आहे : नायट्रोस ऑक्साइड नावाचा परग्रहवासी स्वतःला विश्वातील सर्वांत वेगवान चालक समजतो, पृथ्वीवरील सर्वोत्तम चालकाला आव्हान देतो, आणि तो चालक हरला तर सगळी पृथ्वी काँक्रीटचा वाहनतळ करून टाकण्याची धमकी देतो. त्यामुळे क्रॅश, त्याची बहीण कोको आणि त्यांचा जुना वैरी डॉक्टर कोर्टेक्स हे सारे एकाच संकटापुढे गाड्या घेऊन उभे राहतात. एकट्या खेळाडूसाठी रचलेल्या साहसी भागात मोकळ्या प्रदेशात गाडी फिरवत एकेक शर्यत शोधायची, ती जिंकायची, प्रत्येक प्रदेशाच्या अधिपतीला हरवायचे आणि मग त्याच मार्गांवर नव्या अटींनिशी परत यायचे, अशी योजना आहे. ही कल्पना रेअर कंपनीच्या १९९७ च्या ‘डिडी काँग रेसिंग’मध्ये आधी आली होती, परंतु नॉटी डॉगने तिच्यात भर घातली ती पुनर्भेटीच्या अर्थपूर्णतेची. एकदा जिंकलेल्या मार्गावर दुसऱ्यांदा जाताना सी, टी आणि आर ही तीन अक्षरे आडवाटांवरून गोळा करून शिवाय पहिले यावे लागते, तर तिसऱ्यांदा जाताना प्रतिस्पर्धी कुणीच नसतात आणि क्रमांक लिहिलेल्या पेट्या फोडून तितके सेकंद घड्याळ थांबवायचे असते. एकच रस्ता तीन वेगळ्या नजरांनी वाचायला लावणारी ही रचना आजही जुनी वाटत नाही.

तरीही या खेळाचे खरे वैभव कथेत वा रचनेत नसून वळण घेण्याच्या एका क्रियेत आहे, आणि ती क्रिया समजून घेतल्याशिवाय पुनर्निर्मितीचे मोल कळत नाही. कंट्रोलर, म्हणजे दोन्ही हातांत धरायचे बटणांचे साधन, याच्या वरच्या कडेला डाव्या-उजव्या तर्जनीखाली एकेक बटण असते. त्यांपैकी एक दाबून धरल्यावर गाडी छोटी उडी घेते, आणि त्याच वेळी दिशा दिली तर ती तिरकी होऊन घसरू लागते. यालाच पॉवरस्लाइड म्हणतात. घसरण सुरू असताना पडद्याच्या कोपऱ्यातील पट्टी भरत जाते आणि गाडीच्या धुराड्यातून निघणारा धूर काळा पडू लागतो. पट्टी लाल झाल्यावर, पण पूर्ण भरण्याआधी, दुसऱ्या तर्जनीखालचे बटण दाबले तर गाडीला वेगाचा झटका, म्हणजे बूस्ट, मिळतो. एका घसरणीत असे तीन झटके घेता येतात. बटण लवकर दाबले तर अल्प लाभ मिळतो, उशीर झाला तर धूर फुसकन बाहेर पडून सगळी मेहनत वाया जाते, आणि जितके शेवटच्या क्षणाजवळ दाबावे तितका साठा मोठा होतो.

साठा हा शब्द येथे महत्त्वाचा आहे, कारण खेळ तो कोठेच उघडपणे सांगत नाही. प्रत्येक झटका केवळ तत्काळ वेग देत नाही, तर तो वेग किती वेळ टिकेल याची शिल्लकही वाढवतो, आणि ही शिल्लक संपण्याआधी पुढचा झटका मिळवला तर वाढीव वेग खंडित होत नाही. त्यातच काही मार्गांवर विशेष वेगपट्ट्या आहेत, ज्यांवरून गेल्यावर गाडी नेहमीच्या कमाल वेगापलीकडे जाते. शिल्लक अखंड ठेवणारा खेळाडू त्या पट्टीवर मिळालेला असाधारण वेग पुढच्या सगळ्या वळणांतून, कधीकधी पूर्ण फेरीभर, वाहून नेऊ शकतो. उंचवट्याच्या अगदी कडेवर उडी मारली तर हवेत राहण्याचा काळ वाढतो आणि जमिनीवर उतरताना त्या प्रमाणात आणखी एक झटका मिळतो. भिंतीला घासले, गवतात उतरले किंवा एखादा झटका चुकला, की बांधत आणलेला सगळा वेग कोसळतो. म्हणजे नवख्याला हा खेळ शस्त्रे फेकण्याची गंमत वाटतो, पण मुरलेल्या खेळाडूसाठी तो दोन तर्जनींवर चालणारा तालाचा खेळ आहे, ज्यात सरळ रस्त्यावरही कुणी स्वस्थ बसत नाही, तर डावी-उजवीकडे लहान लहान घसरणी घेत शिल्लक वाढवत राहतो. त्याच काळातील मारिओ कार्टमध्येही घसरण होती व तिचे बक्षीसही होते. परंतु धोका आणि लाभ यांची इतकी बारीक सांगड तेथे नव्हती.

शस्त्रांच्या बाबतीतही खेळाने चोखाळलेली वाट विचारपूर्वक आहे. रस्त्यावर विखुरलेली वुम्पा नावाची फळे दहा गोळा झाली की गाडीचा कमाल वेग थोडा वाढतोच, शिवाय हाती आलेले प्रत्येक शस्त्र अधिक तीव्र होते : डोक्यावर पडून काही क्षणांनी फुटणारी आणि सतत उड्या मारून झटकून टाकता येणारी टीएनटीची पेटी तत्काळ फुटणारी नायट्रो पेटी बनते, आणि ठरावीक वेळेपुरते असणारे संरक्षक कवच आघात होईपर्यंत टिकू लागते. मार बसला की फळे सांडतात. त्यामुळे दैवाने हाती दिलेल्या शस्त्रालाही खेळाडूच्या कमाईची जोड मिळते. कार्ट प्रकारातील इतर अनेक खेळांत हरलेला खेळाडू दैवाला दोष देऊन मोकळा होतो. येथे त्याला तसे करणे जड जाते, आणि हा या खेळाचा मोठा गुण मानायला हवा.

हे सारे ज्या यंत्रावर उभे राहिले त्याची साधने आजच्या मानाने अतिशय तुटपुंजी होती. पहिल्या प्लेस्टेशनचा प्रोसेसर सुमारे ३४ मेगाहर्ट्झचा, मुख्य स्मृती २ मेगाबाइटची आणि चित्रांसाठीची स्मृती १ मेगाबाइटची होती. प्लेस्टेशन ४ मध्ये स्मृती ८ गिगाबाइट, म्हणजे मुख्य स्मृतीच्या चार हजार पट झाली. त्रिमितीय चित्र त्रिकोण व चौकोन जोडून बनते, आणि कोणता आकार पुढे व कोणता मागे हे ठिपक्याठिपक्याला तपासणारी यंत्रणा त्या प्लेस्टेशनमध्ये नव्हती. आकारांची कोपऱ्यांची ठिकाणे पूर्णांकांत मोजली जात असल्याने कडा थरथरत, आणि जमिनीवरचे नक्षीकाम जवळ जाताच वेडेवाकडे होई. नॉटी डॉगने क्रॅशच्या आधीच्या खेळांपासून यावर जे उपाय शोधले होते, त्यांपैकी एक म्हणजे पात्रांच्या अंगावर चित्रे न चिकटवता आकारांनाच सपाट, गडद रंग देणे. रस्त्यांची वळणे, बोगदे आणि डोंगरकडा दूरचा देखावा झाकून यंत्राचे ओझे हलके करीत. क्रॅश कोव्हचा समुद्रकिनारा, टायगर टेंपलमधले आग ओकणारे दगडी मुखवटे, ड्रॅगन माइन्समध्ये आडव्या येणाऱ्या खाणगाड्या हे सगळे थोडक्या, ठळक रंगांत काढलेले आहे, आणि या ठळकपणाचा एक अनपेक्षित फायदा असा की वेगात असतानाही रस्ता, भिंत आणि धोका यांच्यात डोळ्यांचा गोंधळ होत नाही.

जुना खेळ नव्या यंत्रावर आणण्याचे मार्ग ढोबळमानाने तीन आहेत. पहिला इम्युलेशनचा : नवे यंत्र जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करते आणि मूळ खेळ एका अक्षराचाही बदल न होता चालतो. निन्टेंडोने २०२१ मध्ये स्विचच्या वर्गणीदारांना ‘मारिओ कार्ट ६४’ असाच उपलब्ध करून दिला, त्यात इंटरनेटवरून मित्रांसह खेळण्याची सोय तेवढी वाढली. तिघे वा चौघे खेळू लागले की संगीत बंद पडते ही १९९६ ची मर्यादाही त्याच्यासोबत तशीच आली. हा मार्ग अभ्यासकाला सर्वांत प्रिय असावा, कारण त्यात कुणाच्या अभिरुचीची लुडबुड होत नाही. दुसरा मार्ग विस्तारित आवृत्तीचा. ‘मारिओ कार्ट ८’ हा २०१४ चा खेळ वी यू या कमी खपलेल्या यंत्रावर अडकून पडला होता, तो २०१७ मध्ये ‘डीलक्स’ या नावाने, नवा लढाईचा भाग आणि एकाच वेळी दोन शस्त्रे बाळगण्याची मुभा घेऊन स्विचवर आला आणि त्याच्या ६ कोटींहून अधिक प्रती खपल्या. तिसरा मार्ग रीमेकचा, म्हणजे जुना खेळ समोर ठेवून सगळे नव्याने बांधण्याचा. ‘क्रॅश टीम रेसिंग’च्या वाट्याला हा तिसरा मार्ग आला. प्लेस्टेशन ३ पर्यंत पहिल्या प्लेस्टेशनच्या तबकड्या चालत असत, प्लेस्टेशन ४ वर ती सोय उरली नाही. दरम्यान क्रॅशचे हक्क युनिव्हर्सलकडून फिरत फिरत ॲक्टिव्हिजनकडे आले होते, आणि त्या कंपनीला क्रॅश सोनीच्या यंत्रापुरता मर्यादित ठेवायचा नव्हता.

रीमेक करताना कोठे पाय घसरतो हे दोनच वर्षे आधी दिसले होते. २०१७ मध्ये व्हिकॅरियस व्हिजन्स या कंपनीने क्रॅशचे पहिले तीन खेळ ‘एन. सेन ट्रिलॉजी’ या नावाने नव्या रूपात आणले. चित्रे देखणी होती आणि पातळ्यांची मांडणीही मुळाबरहुकूम होती, पण जुन्या खेळाडूंना पहिल्या भागातल्या साध्या साध्या उड्या जमेनात. तिन्ही भागांसाठी एकच हालचाल-पद्धत वापरली होती आणि ती तिसऱ्या भागावर बेतलेली होती, त्यामुळे पहिल्या भागात क्रॅश मुळापेक्षा वेगळ्या गतीने खाली येत होता. शिवाय तो इतर वस्तूंना कोठे टेकतो हे ठरवणारा अदृश्य आकार तळाशी गोलसर झाल्यामुळे काठावर उतरलेला क्रॅश घरंगळून खाली पडत होता. उडी वेगळी झाली आहे, हे कंपनीकडूनही मान्य करण्यात आले. जुने संगीत नाटक नव्या संचात उभे करताना पडदे, पोशाख आणि प्रकाश कितीही बदलले तरी रसिक ते स्वीकारतो, पण पदाची लय बदलली की पहिल्या ओळीलाच त्याची मान हलायची थांबते. या रीमेकमध्ये नेमकी लय हलली होती.

‘नायट्रो-फ्यूएल्ड’ची जबाबदारी कॅनडातील क्वेबेक शहरातल्या बीनॉक्स या कंपनीकडे आली आणि २१ जून २०१९ रोजी खेळ बाजारात आला. या मंडळींनी लय सांभाळली. घसरणीतले तीन झटके, लाल होणारी पट्टी, शिलकीचा न सांगितलेला हिशेब, कडेवरच्या उडीचे बक्षीस, वेगपट्टीवरून मिळालेला असाधारण वेग टिकवण्याची मुभा, हे सारे मुळाच्या इतके जवळ आहे की १९९९ मध्ये कमावलेले कौशल्य थोड्याशा सरावाने येथे चालू लागते. जो वेग पूर्वी केवळ जाणकारांना कळत असे, तो आता धुराड्यातून निघणाऱ्या निळ्या ज्वालेने सर्वांना दिसतो. ही भर उचित आहे, कारण तिने नियमाला धक्का न लावता नियम उघड केला. पापूज पिरॅमिडसारख्या मार्गावर नेमक्या जागी उडी मारून रस्त्याचा मोठा तुकडा वगळण्याची जुनी युक्ती राखली आहे, मात्र मूळ आज्ञावलीतल्या त्रुटींमुळे शक्य झालेल्या, रचनाकारांना अभिप्रेत नसलेल्या अनेक पळवाटा बुजवल्या आहेत. खेळाचा इतिहास जपणाऱ्यांना त्याची हळहळ वाटणे स्वाभाविक आहे, कारण त्या त्रुटींभोवती विक्रम मोडणाऱ्यांची एक पूर्ण परंपरा उभी राहिली होती. तरी इंटरनेटवर अनोळखी लोकांशी होणाऱ्या शर्यतीत त्या ठेवल्या असत्या तर नवखा खेळाडू चार दिवसांत खेळ सोडून गेला असता, हेही तितकेच खरे.

मूळ १८ मार्गांना जोडून ‘क्रॅश नायट्रो कार्ट’ या २००३ च्या खेळातले १३ मार्गही घेतले गेले, ते या जुन्या लयीत बसवले गेले, आणि त्यांतले काही स्वतःच्या मूळ घरापेक्षा येथे अधिक खुलले. साहसी भाग दोन प्रकारे खेळता येतो : जुन्या पद्धतीने एकच पात्र अखेरपर्यंत घेऊन, किंवा पात्र, गाडी आणि काठिण्य हवे तेव्हा बदलत. मूळ खेळाचे जॉश मॅन्सेल यांचे संगीत नव्याने बांधले आहे, आणि हवे त्याला जुनेच संगीत लावता येते. जुन्या खेळात स्वतः नायट्रोस ऑक्साइड चालक म्हणून निवडता येत नसे, तो आता येतो. शेवटच्या अद्ययावत आवृत्तीपर्यंत चालकांची संख्या १५ वरून ५६ वर गेली.

चित्रांच्या बाबतीत मात्र कौतुकाला एक मुरड घालावी लागते. बीनॉक्सच्या कलाकारांनी प्रत्येक मार्गाला स्वतंत्र स्थळकथा दिली आहे : दगडी मुखवट्यांवर शेवाळ आहे, किनाऱ्यावर झोपड्या आहेत, प्रयोगशाळेत यंत्रे फिरत आहेत, आणि पात्रांच्या चेहऱ्यांवर भीती, राग व खट्याळपणा इतका जिवंत उमटतो की हार-जीत बाजूला ठेवून पाहत राहावे. पण त्या श्रीमंतीत मूळ खेळाचा ठळकपणा काही ठिकाणी दबला आहे. हलणारी पाने, ठिणग्या, झेंडे आणि प्रेक्षक यांच्या गर्दीत रस्त्याची कड कोठे संपते हे पहिल्या काही फेऱ्यांत चटकन कळत नाही, आणि चार जणांनी पडदा वाटून घेतला असता हा त्रास वाढतो. दोन मेगाबाइटची गरिबी कलाकाराला जे शिकवून गेली होती, ते विपुलतेत पुन्हा आठवावे लागते.

बोटांच्या आठवणीला आणखी एक अडथळा खेळाच्या बाहेरून येतो. पडद्यावरील हालचाल ही झपाट्याने बदलणाऱ्या स्थिर चित्रांची मालिका असते; अशा एका चित्राला फ्रेम म्हणतात, आणि मूळ खेळ व प्लेस्टेशन ४ वरचा रीमेक हे दोन्ही एकट्याने खेळताना सेकंदाला ३० फ्रेम दाखवतात, म्हणजे एक फ्रेम सुमारे ३३ मिलिसेकंद टिकते. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीवर यंत्राने पाठवलेले चित्र जवळजवळ तत्क्षणी उमटत असे, तर आजचे सपाट टीव्ही चित्र अधिक चांगले दिसावे म्हणून त्यावर प्रक्रिया करतात आणि त्यात एक-दोन फ्रेमांचा, कधी त्याहून अधिक, विलंब होतो. पट्टी लाल झालेली डोळ्यांना दिसते तेव्हा यंत्राच्या हिशेबाने ती पुढे गेलेली असते. जुन्या खेळाडूला आपला हात मंदावला असे वाटते, आणि प्रत्यक्षात दोष टीव्हीच्या मांडणीत असतो. बहुतेक टीव्हींमध्ये ‘गेम मोड’ नावाची सोय असते, ती सुरू केल्यावर ही प्रक्रिया वगळली जाते. नव्या पिढीतील प्लेस्टेशन ५ वर हा खेळ चालतो, खेळ भरण्याचा वेळही कमी होतो, परंतु फ्रेमची संख्या ३० च राहिली आहे. इतक्या काटेकोर वेळेच्या खेळाला सेकंदाला ६० फ्रेम मिळायला हव्या होत्या.

रीमेकचे सर्वांत वादग्रस्त अंग म्हणजे त्यात उघडलेले दुकान. मूळ खेळात नवा चालक मिळवण्यासाठी काहीतरी करून दाखवावे लागत असे : प्रदेशाधिपतीला हरवून आणि त्याचा चषक जिंकून तो चालक हाती येई, आणि सर्व १८ मार्गांवर एन. ट्रॉपी या पात्राची वेळ मोडल्यावर तो स्वतः खेळाडूच्या पंगतीला येऊन बसे. ‘नायट्रो-फ्यूएल्ड’मध्ये नवे चालक, गाड्या आणि रंग मोठ्या प्रमाणावर वुम्पा नाण्यांनी विकत घ्यायचे असतात, आणि ही नाणी शर्यतींतून हळूहळू साठतात. खेळ विक्रीस आला तेव्हा नाणी केवळ खेळूनच मिळत होती; ऑगस्ट २०१९ मध्ये ती खऱ्या पैशांनी विकत घेण्याची सोय जोडली गेली. ज्याने आधीच ४० डॉलर मोजले आहेत, त्याच्यापुढे आतल्या वस्तूंसाठी पुन्हा हात पसरणे ही पद्धत आजच्या खेळ-उद्योगात सर्रास आढळते. त्यातून विकल्या जाणाऱ्या वस्तू येथे केवळ शोभेच्या आहेत, हे समर्थनही नेहमीचेच आहे. परंतु नुकसान पैशापुरते नाही. चालक हा जेव्हा पराक्रमाचा पुरावा असतो, तेव्हा मित्राच्या हाती तो दिसताच मित्राने काय केले असेल हे कळते. तोच जेव्हा दुकानातील वस्तू होतो, तेव्हा त्याच्यामागची गोष्ट पुसली जाते. बीनॉक्सने वळणाची लय जपली तितक्याच आस्थेने बक्षिसाचा अर्थ जपायला हवा होता. त्यांनी जुने अठरा मार्ग आणि साहसी भाग या दुकानापासून अलिप्त ठेवले, आणि ज्याला फक्त १९९९ चा खेळ परत हवा आहे त्याला एकही नाणे न खर्चता तो पूर्ण खेळता येतो, ही गोष्ट मात्र त्यांच्या बाजूने नोंदवली पाहिजे.

पराक्रमाची जुनी व्याख्या जेथे पूर्णपणे शाबूत राहिली तो भाग म्हणजे घड्याळाविरुद्धची शर्यत. तीत प्रतिस्पर्धी नसतात, शस्त्रे नसतात; असतो फक्त घोस्ट, म्हणजे आधीच्या एखाद्या फेरीची नोंद जशीच्या तशी पुन्हा धावून दाखवणारी पारदर्शक गाडी. मूळ खेळात एन. ट्रॉपीचा घोस्ट हरवला की त्याहून वेगवान ऑक्साइडचा घोस्ट समोर येई. रीमेकने त्यावर सम्राट व्हेलो या पात्राचा आणि अखेरच्या टप्प्यात खुद्द बीनॉक्समधल्या निर्मात्यांनी नोंदवलेल्या वेळांचा असे आणखी दोन थर चढवले, आणि प्रत्येक थर खेळाडूला शिलकीचा हिशेब थोडा अधिक शिकवतो : कोणत्या वळणाआधी घसरण सुरू करावी, कोणता झटका शेवटच्या फ्रेमपर्यंत रोखून धरावा, कोणती उडी घेण्याऐवजी जमिनीला चिकटून जावे. निर्मात्यांनी आपली वेळ खेळाडूपुढे ठेवणे म्हणजे ही लय आपल्यालाही साधलेली आहे असे जाहीर करणेच होय.

ज्यांना इतकेही अंतर नको आहे, त्यांनी मूळ खेळाकडेच मोर्चा वळवला आहे. चाहत्यांमधील काही आज्ञावलीकारांनी १९९९ च्या तबकडीवरील यंत्रभाषेतील सूचना टप्प्याटप्प्याने उलगडून त्यांचा अर्थ लावला आहे, आणि त्या आधारे जुना खेळ संगणकावर इंटरनेटद्वारे एकत्र खेळता येईल अशी व्यवस्था उभी केली आहे. ज्या यंत्राला केवळ दोन कंट्रोलर जोडण्याची सोय होती आणि चौघांसाठी वेगळे उपकरण विकत घ्यावे लागे, त्या यंत्राचा खेळ आता वेगवेगळ्या देशांतील लोक एकाच वेळी खेळतात. ‘नायट्रो-फ्यूएल्ड’ची अधिकृत संगणक आवृत्ती निघालेली नाही, त्यामुळे संगणकावर खेळणाऱ्यांसाठी आजही १९९९ चीच आज्ञावली कामाची आहे, आणि रीमेकवर वळण घ्यायला शिकलेले कित्येक तरुण आता मुळाकडे येऊन त्याच अठरा मार्गांवर आपली वेळ लावू लागले आहेत.